गाणं संपल्यानंतरचा आवाज

धुळ्याच्या पेठेत शालिग्रामचं कंदिलांचं दुकान होतं. माल आणायला तो जळगावला जायचा. चाळीसगावला गाडी बदलायची, जळगावच्या ठरलेल्या व्यापाऱ्याकडे काचा उजेडात धरून पारखायच्या, गवतात बांधून पेट्या गाडीला लावायच्या आणि धुळ्याला उतरून पांझरा ओलांडली की देवपुरातलं आपलं घर. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाची साथ सरल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो असाच गेला आणि येताना काचांच्या पेट्यांबरोबर एक ग्रामोफोन घेऊन आला.

ज्यानं ऐकलं तो तोंड फिरवून हसला. कारण शालिग्रामची बायको भागाबाई ठार बहिरी होती.

ती साक्रीकडची. लहानपणी गोवर आला आणि जाताना कान घेऊन गेला. त्याआधी बोलायला शिकली होती म्हणून वाचा राहिली. पण आवाज सपाट झालेला, चढ नाही, उतार नाही. समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घ्यायची. लग्नाआधी हे सगळं शालिग्रामला सांगितलेलं होतं आणि त्यानं कधी त्याची कुरकुर केली नाही. घरात बोलायला मुलगा होता. दोन मुलं पाळण्यातच गेल्यावर झालेला, देवाकडे भीक मागून मिळवलेला, म्हणून नाव ठेवलं भिकन. पोरगं दिवसभर बडबडायचं. दारात कुणी हाक मारली की धावत जाऊन आईचा पदर ओढायचं. तिचे कान म्हणजे तो होता.

मानमोडीनं त्याला सहाव्या वर्षी नेलं. त्यानंतर त्या घरात आवाजच उरला नाही. भांड्याला भांडं लागलं तरी शालिग्राम दचकायचा. जळगावला एका ग्रामोफोनच्या दुकानाच्या पायरीशी उभा असताना आत तबकडी वाजत होती, कुणी बाई गात होती, आणि त्याच्या मनात एवढंच आलं, की हे घरी असतं तर संध्याकाळ निघून गेली असती. बस. आयुष्यात त्यानं स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती पहिली वस्तू.

एका दुपारी जेवण झाल्यावर त्यानं चावी दिली, तबकडी लावली आणि भिंतीला टेकला. भागाबाई समोर बसून तूर निवडत होती. गाणं संपलं. शालिग्रामचे डोळे जड झाले होते, उठायचा कंटाळा आला. सुई तबकडीच्या शेवटच्या रेघेत फिरत राहिली... खर्र... खर्र... खर्र.

सूप आपटल्याचा आवाज झाला. त्यानं डोळे उघडले तर भागाबाई उभी होती. तूर सगळी जमिनीवर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोन बोलनं?" ती म्हणाली.

"कोण बोलणार? कुणी नाही."

"बोलनं. 'माय' म्हने." ती भोंग्याकडे बोट दाखवत होती. "याम्हाईन."

शालिग्रामला खरखरीपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. बाई दुःखानं भ्रमली, असंच त्याला वाटलं. त्यानं सुई उचलली, तशी तिनं झडप घालून त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग भोंग्याशी गुडघे टेकून बसली, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"भिकन शे. तो जिता व्हता तवय मी त्याना आवाज आयका नही. आते आयकस."

पोटच्या पोराचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. आता ऐकते, म्हणाली. शालिग्रामनं सुई परत ठेवली.

त्या दिवसापासून भागाबाई माणसात आली. डोक्याला तेल लागलं, अंगण सारवलं जाऊ लागलं, शेजारणी पुन्हा ओट्यावर बसू लागल्या. रोज दुपारी ती एक तबकडी लावायची. गाणं चालू असताना आपलं काम करायची आणि गाणं संपलं, की भोंग्याशी जाऊन बसायची. पोर काय बोलतं ते रात्री नवऱ्याला सांगायची. कधी 'माय' एवढंच. कधी थंडी वाजते म्हणतो, कधी अंधार आहे म्हणतो. शालिग्राम मान हलवायचा. ती घरात नसली की तोही हळूच भोंग्यात डोकं घालून बसे. त्याला पोराची खूप आठवण यायची. पण आवाज कधी आला नाही. वास मात्र यायचा. पाणी आटल्यावर नदीच्या पात्रात खड्डा खणला की येतो तसा, ओला, गार वास.

ग्रामोफोन अडखळू लागला तेव्हा त्यानं नूर महंमदला बोलावलं. नूर महंमद घड्याळं दुरुस्त करायचा, त्याचं दुकान शालिग्रामच्या दुकानाला लागूनच होतं. त्यानं पेटी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"भाऊ, पेटी नदीवर नेली होती का?"

"नाही. का?"

नूर महंमदनं चिमूट उघडून दाखवली. बारीक वाळू होती. ओली.

"पोरंबाळं टाकतात काहीबाही," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की या घरात पोरबाळ नाही. पेटी पुसून त्यानं परत बंद केली.

भागाबाईची एकच तक्रार होती. पोराचा आवाज फार लांबून येतो, खोल आडातून बोलावं तसा. म्हणून काही वर्षांनी, दुकान बरं चालू लागल्यावर, शालिग्रामनं जळगावहून मोठं यंत्र आणलं. ते लाकडी कपाटासारखं होतं, भोंगा आतच आणि आवाज दुप्पट. त्या दुपारी भागाबाई हसतच स्वयंपाकघरात आली.

"आते मधल्या खोलीम्हाईन बोलस," म्हणाली.

शालिग्राम आपल्याशी म्हणाला, आजवर घेतलेल्या वस्तूंत हीच खरी. दुसऱ्या कुणाला शेत घेऊन, सोनं घेऊन जे सुख नसेल ते या पेटीनं आपल्या घराला दिलं.

त्यानंतर कुणाच्या ध्यानीमनी नसताना भागाबाईला दिवस गेले आणि मुलगी झाली. प्रमिला. धडधाकट, तिखट कानांची. गल्लीच्या तोंडाशी वडिलांच्या वहाणा वाजल्या की "नाना आले" म्हणून ओरडायची. घर भरलं. पण पेटीपुढचं बसणं काही सुटलं नाही. भिकन आता बहिणीची चौकशी करतो, असं भागाबाई कौतुकानं सांगायची. "कितली मोठी व्हयनी, म्हनस."

लढाई सुरू झाली त्या सुमाराला शालिग्रामनं रेडिओ घेतला. जळगावच्या माणसानं येऊन कडुनिंबाला तार बांधून दिली, बॅटरी जोडून दिली. पेठेतली चार माणसं बातम्या ऐकायला येऊन बसू लागली. पण दुपारी ती पेटी भागाबाईची. ती कळ फिरवत फिरवत जिथं कुठलंच केंद्र लागत नाही तिथं आणायची, नुसता स्सस्स आवाज येई तिथं, आणि कापडाच्या जाळीला कान लावायची.

"मना कानजोडे बोलस," ती म्हणाली. "आसा... फुक लागस त्यानी."

बोलताना श्वास लागतो कानाला. शालिग्रामला ते ऐकून का कोण जाणे, बरं वाटलं नाही.

चैत्रातली दुपार होती. झळांमुळं दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकान बंद ठेवून शालिग्राम घरीच होता. भागाबाई रेडिओपासून उठून आली, म्हणाली, आज त्यानं भाकर मागितली.

शालिग्रामचा जीव कळवळला. "कसं म्हणाला गं? जसं म्हणाला तसंच म्हणून दाखव ना."

तिनं डोळे मिटले. लहानपणापासून ज्या बाईनं दुसरा आवाजच ऐकला नव्हता, तिच्या कानात तो एकच आवाज अगदी जसाच्या तसा बसलेला. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या त्या सपाट गळ्यातून एकदम गोल, भरलेला, सावकाश आवाज निघाला.

"माय... भाकर दे."

त्यातला 'र' जिभेवर घोळवल्यासारखा लांबला होता.

शालिग्रामच्या हातातला विंझणा थांबला. भिकनला 'र' म्हणता येत नव्हता. सहा वर्षांचा झाला तरी तो भाकल म्हणायचा, दालात कुनी आलं म्हणायचा. बापलेक त्यावरून खूप हसायचे. भागाबाईला ते कधी कळलंच नाही, कारण ओठांकडे बघून र आणि ल यांतला फरक दिसत नाही. आणि यानंही तिला कधी सांगितलं नाही, तिला ऐकू न येणाऱ्या गोष्टीवर हसल्यासारखं होईल म्हणून.

इतकी वर्षं ती ज्याला मुलगा मानून बोलत होती, त्याचा आवाज तिनं आधी कधी ऐकलेलाच नव्हता. मग ओळखला कशावरून?

त्यानं स्वतःची समजूत घातली. वीस-बावीस वर्षं झाली, मेलेली पोरंही मोठी होत असतील, बोबडेपण जात असेल. पण मनाला काही ते पटेना. त्यानं नूर महंमदजवळ विषय काढला. नूर महंमद हातातलं घड्याळ खाली ठेवून ऐकत राहिला.

"भाऊ, एकदा विचारून घ्या," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आणि पोरगा, दोघांनाच ठाऊक असेल असं काहीतरी. पोरगाच असेल तर सांगेल."

असं एक होतं. साथीच्या त्या दिवसांत भागाबाई स्वतः तापात बेशुद्ध होती. सरण रचायला लाकडं मिळत नव्हती, खांदा द्यायला माणूस नव्हता. शालिग्राम एकटाच पोराला कापडात गुंडाळून, फावडं-पहार घेऊन पांझरेच्या काठावर पुरायला गेला होता. त्यानं पोराच्या मुठीत हिरव्या काचेचा एक गुळगुळीत तुकडा ठेवला होता. दुकानातला, भिकनच्या आवडीचा. हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दुपारी तो भागाबाईजवळ रेडिओशी बसला. "विचार त्याला," तो ओठ नीट हलवत म्हणाला. "नानांनी तुझ्या मुठीत काय ठेवलं होतं?"

तिनं जाळीला तोंड लावून विचारलं, मग कान लावला. रेडिओचा स्सस्स आवाज चालू होता. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय म्हणतो?"

"माले समजनं नही..."

"जसं म्हणाला तसंच सांग."

आणि पुन्हा तो भरलेला, सावकाश आवाज तिच्या तोंडून आला.

"माले काय ठावं त्यानी मूठम्हा काय शे... तो तं मना उरवर निजेल शे."

त्याच्या मुठीत काय आहे मला काय ठाऊक. तो तर माझ्या छातीवर झोपलाय.

भागाबाई नवऱ्याकडे बघत होती. "तो कोन? आसं का बरं बोलस भिकन?"

नदीकाठची ती दुपार शालिग्रामच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. अंगात त्याच्याही ताप होता, हात चालत नव्हते. वाळू थोडीशी उकरल्यावर फावडं दगडावर वाजलं. चपटा, घडवलेला दगड. पहारीनं उचलला तर खाली पोकळ, अंधारी जागा होती, आयती, माणूस मावेल एवढी. आतून गार वारा आला. आत काय आहे ते त्यानं वाकून पाहिलं नाही. त्याच्यात खणायचं बळ नव्हतं. त्यानं पोराला आत सोडलं आणि दगड परत ओढून घेतला. पोर खाली टेकलं तेव्हा हाताला जे लागलं ते वाळूसारखं नव्हतं, हे त्याला तेव्हाच जाणवलं होतं. ताप आहे, भास झाला, असं म्हणून तो ते विसरला होता.

"काही नाही," तो बायकोला म्हणाला. "पोरं काहीही बोलतात."

खरं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. कसं सांगणार? हिचं उभं आयुष्य त्या आवाजाच्या आधारावर उभं होतं. त्यानं दुसरा मार्ग काढला. बॅटरी उतरली, भरून आणतो, म्हणून तो ती उचलून दुकानात घेऊन गेला आणि मागच्या फळीवर ठेवून दिली. बॅटरी नाही तर रेडिओ नाही, रेडिओ नाही तर आवाज नाही. भागाबाईनं काही तक्रार केली नाही. ती शांतच होती. हेच त्याला खटकायला हवं होतं.

आठवडाभरानं एका दुपारी त्याला दुकानात बसवेना. ऊन मी म्हणत होतं. त्यानं दुकान ओढून घेतलं आणि पूल ओलांडून घराकडे निघाला. अंगणात शिरला तर आतून प्रमिलाच्या हसण्याचा आवाज आला. मग ती कुणाशी तरी बोलू लागली. मध्येच थांबायची, ऐकायची, उत्तर द्यायची.

"हो... आम्ही दोघीच."

मग बराच वेळ काही नाही.

"नाना दुकानात असतात."

पुन्हा शांतता.

"नाही... दिवसा कडी नाही लावत आम्ही."

शालिग्रामनं दार ढकललं. खोलीत अर्धवट अंधार होता. रेडिओ कोनाड्यात होता, बॅटरीच्या तारा मोकळ्या लोंबत होत्या. प्रमिला जाळीला कान चिकटवून बसली होती, अगदी घट्ट, गाल दबेपर्यंत. शेजारी भागाबाई भिंतीला टेकून लेकीकडे समाधानानं बघत होती.

"त्यानीच सांगं," ती नवऱ्याला म्हणाली. "धाकलीले जोडे बसाड." धाकटीला जवळ बसव, असं.

शालिग्रामनं पोरीला दंडाला धरून ओढलं. रेडिओ दोन्ही हातांनी उचलला, अंगणात नेला आणि पाण्याच्या दगडी डोणीवर आपटला. लाकूड फुटलं, काचेचे दिवे फुटले, आणि आतून ओली वाळू भळाभळा बाहेर पडली. एवढ्याशा पेटीत मावणार नाही इतकी. भागाबाई दारात उभी राहून किंचाळत होती. त्या किंचाळण्यात पहिल्यांदाच चढ-उतार होता.

प्रमिला उंबऱ्यापाशी आली. वडिलांच्या तोंडाकडे बघू लागली.

"नाना," ती म्हणाली, "मोठ्यानं बोला ना."

तो ओरडतच होता. शेजारचे लोक जमले होते तो आवाज ऐकून.

"नाना, नीट बोला. मला ऐकू येत नाही."

धुळ्याचे डॉक्टर झाले, जळगावचे झाले. कान तपासले, दिवा लावून पाहिले. कानात दोष नाही म्हणाले. पण पोरीला पुन्हा ऐकू आलं नाही. शालिग्राम पहार घेऊन नदीवर गेला. काठ पुरानं केव्हाच बदलला होता. दगड सापडला नाही. भागाबाईनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि रडलीही नाही. तिनं लेकीला ओठ वाचायला शिकवलं. पोर लवकर शिकली. हळूहळू दोघी मायलेकी आवाज न काढताच बोलू लागल्या; नुसते ओठ हलायचे. शालिग्राम बघत बसायचा. त्याला ओठ वाचता येत नव्हते.

काही वर्षं अशीच गेली. शालिग्राम थकला. दुकान चालवायला त्यानं माणूस ठेवला आणि दुपारचा घरी राहू लागला. तेव्हा त्याच्या लक्षात यायला लागलं. दोघी आपापल्या कामात असायच्या, एक चुलीपाशी, एक शिवणावर, एकमेकींकडे पाठ. आणि मध्येच दोघी एकदम माना वर करायच्या. एकाच क्षणी, एकाच दिशेला. हाक मारल्यावर माणूस वळतं तशा. मग प्रमिला हसायची, किंवा होकारार्थी मान हलवायची, आणि परत शिवायला लागायची. एकदा ती दिशा परसाकडची होती. नंतर मधल्या खोलीची. पुढं पुढं, तो बसे त्या खाटेच्या अगदी जवळची.

त्यानं खूप विचार केला. जोवर ते पेटीत होतं तोवर निदान कुठं आहे ते कळत तरी होतं. पेटी आपणच फोडली.

सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यात जो तो रेडिओ घेत होता. शालिग्रामही जळगावला गेला. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला बातम्या ऐकायच्या आहेत. त्यानं दुकानात असलेला सगळ्यात मोठा, सगळ्यात भारी रेडिओ मागितला. विकणारा हसून म्हणाला, "नाना, घरातली मंडळी खूश होतील." गाडीत तो पेटी मांडीवर घेऊन बसला. उतरवताना नूर महंमदनं हात दिला. पण दारातूनच परतला, आत आला नाही.

कोनाडा पुसून शालिग्रामनं रेडिओ ठेवला, तारा जोडल्या, कळ फिरवत फिरवत केंद्र नसलेल्या जागी आणली. स्सस्स... आवाज मोठा केला. मग बायकोला आणि लेकीला खुणेनं जवळ बोलावलं. दोघी आल्या, चटईवर बसल्या.

"या," तो पेटीकडे बोट दाखवून म्हणाला. "बघा... आणलीय त्याच्यासाठी." हात जोडले त्यानं. कुणाला जोडले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पण त्या दोघींचं रेडिओकडे लक्षच नव्हतं. दोघींची नजर त्याच्या खांद्यावरून मागं, उघड्या दाराकडे लागली होती. मग ती नजर हळूहळू आत येऊ लागली. दारापासून खाटेपाशी, खाटेपासून त्याच्या पाठीशी. भागाबाईनं लुगड्याचा घोळ गुडघ्याशी आवरून घेतला, कुणाला पलीकडे जायला वाट द्यावी तसा. आणि प्रमिला चटईवर बाजूला सरकली, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा करून.